गुडघ्याची गोळी आणि हृदय
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल रात्री एक वाजेपर्यंत गाण्यांच्या भेंड्या आणि आज सकाळी पोह्यांवर औषधांचं भाषण, म्हणजे संयोजकांनी तुमच्यावर अन्यायच केला आहे. पण विषय तुमच्याकडूनच आला. आपल्या ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी कुणीतरी एक निरोप पुढे ढकलतं: अमुक गोळीने अटॅक येतो, तमुक गोळी परदेशात बंद झाली, ताबडतोब थांबवा. खाली लगेच मला प्रश्न येतो, "खरं का ग?" मी तिथे एका ओळीत उत्तर देत नाही, याबद्दल काही जण नाराज आहेत हेही मला ठाऊक आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मी एकतीस वर्षं औषधशास्त्र शिकवलं. एका ओळीत बसणारं उत्तर या विषयात बहुधा चुकीचंच असतं. आज मला पंचवीस मिनिटं मिळाली आहेत, तेव्हा नीट सांगते.

स्मरणिकेत श्रद्धांजलीचं एक पान आहे. त्यावर अकरा नावं आहेत, आणि त्यातले निम्मे तरी हृदयविकाराने गेले. त्यांच्यापैकी एकाच्या पत्नीने गेल्या पावसाळ्यात मला फोन केला. त्यांच्या परवानगीने सांगते, नाव मात्र सांगत नाही. वहिनी म्हणाल्या, "यांचे गुडघे फार दुखायचे. दोन वर्षं रोज दोन वेळा गोळी घेत होते. पहिला अटॅक येऊन गेल्यावरही घेतच होते, कारण हृदयाच्या डॉक्टरांनी गुडघ्याबद्दल कधी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. त्या गोळीनेच गेले का हो?"

उत्तराआधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी.

औषधाने होणारं नुकसान कसं सापडतं? काही वेळा ते डोळ्यांना दिसतं. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं झोपेचं औषध बाजारात आलं. गरोदर बायकांना उलट्यांसाठीही ते दिलं जाई. पुढे हात-पाय नसलेली, खांद्यालाच पंजे असलेली मुलं जन्माला येऊ लागली. असं मूल एरवी डॉक्टरला आख्ख्या कारकिर्दीत एखादं दिसलं तर दिसतं. त्यामुळे ओळीने काही मुलं पाहिल्यावर जर्मनीत लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात मॅकब्राइड या दोन डॉक्टरांना वेगवेगळी शंका आली, आणि १९६१ च्या अखेरीस औषध मागे घेतलं गेलं. तोवर जगात दहा हजारांच्या वर मुलांचं नुकसान होऊन गेलं होतं. तरीही गुन्हेगार ओळखता आला, कारण आजारच विरळा होता.

आता उलट बाजू बघा. एखाद्या औषधाने हार्ट अटॅक वाढत असतील तर? साठीच्या गृहस्थाला, बीपी असलेल्या, थोडं पोट सुटलेल्या, एके काळी सिगारेट ओढणाऱ्या माणसाला अटॅक आला, तर डॉक्टर चकित होतील का? घरचे म्हणतील, वडिलांनाही होता. शेजारी म्हणतील, ताण फार घेत होता. गोळीचं नाव कुणाच्याही तोंडी येणार नाही. गर्दीच्या एसटीत आणखी चार माणसं चढली तर कंडक्टरच्या लक्षात येत नाही, तसं हे आहे. तिथे नजरेचा उपयोग नाही, डोकी मोजावी लागतात.

ही मोजणी कशी झाली, आणि तिला किती उशीर लागला, याचं सगळ्यात ठळक उदाहरण रोफेकॉक्सिब. अमेरिकेत मर्क कंपनीने ते १९९९ मध्ये व्हायॉक्स या नावाने आणलं. पण आधी ते औषध का निघालं ते सांगते, कारण कल्पना खरोखर सुंदर होती. आपल्या शास्त्राच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यामुळे फळ्याशिवाय बोलताना जरा धाकधूक वाटते आहे.

रक्तात चपट्या बारीक पेशी असतात, प्लेटलेट. कापलं की त्या एकमेकींना चिकटतात आणि रक्त थांबतं. चिकटण्यासाठी त्या थ्रॉम्बॉक्झेन नावाचा पदार्थ तयार करतात. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नेमकं उलट काम करणारा प्रोस्टासायक्लिन हा पदार्थ तयार करतं. तो प्लेटलेटना गोळा होऊ देत नाही आणि वाहिनी सैल ठेवतो. निरोगी माणसात या दोघांचं जमलेलं असतं. दोन्ही पदार्थ कॉक्स नावाच्या विकरांमुळे तयार होतात. प्लेटलेटमध्ये कॉक्स-१ असतं, अस्तरात बरंचसं काम कॉक्स-२ करतं. सांधा सुजतो आणि दुखतो तोही मुख्यतः कॉक्स-२ मुळे, आणि जठराच्या अस्तराची राखण करतं ते कॉक्स-१. जुन्या वेदनाशामक गोळ्या दोघांनाही अडवतात. म्हणून दुखणं थांबतं, पण पोटात जखमा होतात, रक्त जातं, आणि त्याने माणसं मरतात. तेव्हा शास्त्रज्ञांनी विचार केला, एकट्या कॉक्स-२ लाच अडवलं तर? दुखणं थांबेल, पोट वाचेल.

पोट खरंच वाचलं, ते नाकारता येणार नाही. पण बैलगाडीचा एक बैल सोडला तर गाडी सरळ जात नाही, उरलेला बैल ओढेल तिकडे वळते. इथे प्रोस्टासायक्लिन कमी झालं आणि थ्रॉम्बॉक्झेन तसंच राहिलं. रक्तवाहिनीत आधीच चरबीचा थर फुगलेला असेल, तर तिथे गुठळी होणं सोपं झालं.

२००० च्या नोव्हेंबरमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सुमारे आठ हजार संधिवाताच्या रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना रोफेकॉक्सिब, निम्म्यांना नॅप्रोक्सेन ही जुनी गोळी. छापलेल्या आकड्यांत हार्ट अटॅक होते १७ आणि ४. कंपनीचं म्हणणं असं की आमच्या गोळीने अटॅक वाढवले नाहीत, नॅप्रोक्सेननेच हृदयाला संरक्षण दिलं. म्हणजे आपला मुलगा नापास झाला, तर शेजारचा फारच हुशार निघाला म्हणायचं. गणिताच्या सरांनी हे उत्तर मान्य केलं नसतं! पण त्या चाचणीत काहीच औषध न घेणारा गट नव्हता, त्यामुळे वाद मिटवता येईना. रोफेकॉक्सिबच्या बाजूचे आणखी तीन अटॅक मूळ निबंधात आलेच नव्हते, हे त्याच नियतकालिकाने २००५ च्या अखेरीस जाहीर केलं.

मग निकाल लागला कसा? जवळजवळ योगायोगाने. आतड्यातल्या गाठी पुन्हा होऊ नयेत म्हणून रोफेकॉक्सिब उपयोगी पडतं का, हे पाहायला कंपनीनेच एक चाचणी चालवली होती. तिच्यात अर्ध्या लोकांना नुसती खोटी, औषध नसलेली गोळी होती. दीड वर्षानंतर दोन गटांच्या रेषा एकमेकींपासून दूर जाऊ लागल्या. औषधवाल्यांत अटॅक, पक्षाघात वगैरे मिळून ४६, खोट्या गोळीवाल्यांत २६. हिशेब केला की जवळजवळ दुप्पट. ३० सप्टेंबर २००४ ला मर्कने ते औषध जगभरातून मागे घेतलं. तोपर्यंत ८ कोटींहून जास्त लोकांनी ते घेतलं होतं. २००७ मध्ये कंपनीने अमेरिकेतले खटले मिटवण्यासाठी ४८५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. आपल्याकडे अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी रोफेकॉक्सिब विकत होत्या, आणि डिसेंबर २००४ मध्ये आपल्या सरकारनेही त्यावर बंदी घातली.

तुम्ही म्हणाल, ती गोळी गेली, आता कशाला उगाळतेस? तर मुद्दा आपल्या खिशातल्या गोळीचा आहे. डायक्लोफेनॅक. आत्ता या मांडवात किमान पंधरा जणांच्या पर्समध्ये किंवा पाकिटात ती किंवा तिची बहीण अॅसिक्लोफेनॅक असेल, पैज लावते. जुनी, ओळखीची, दोन-चार रुपयांची, म्हणून आपण तिला गरीब गाय समजतो. प्रत्यक्षात तिचाही ओढा कॉक्स-२ कडेच जास्त आहे. २०१३ मध्ये लॅन्सेटमध्ये शेकडो चाचण्यांची एकत्र मोजणी प्रसिद्ध झाली. डायक्लोफेनॅक मोठ्या डोसमध्ये, म्हणजे दिवसाला १५० मिलिग्रॅम, हजार लोकांनी वर्षभर घेतलं, तर अटॅक, पक्षाघात अशा सुमारे तीन घटना जास्त होतात आणि त्यातली एक जीव घेते. हा सर्वसाधारण माणसांचा आकडा आहे. हृदयविकार आधीच आहे त्यांच्यात तो आणखी मोठा. त्याच वर्षी युरोपच्या औषध संस्थेने सांगितलं की हृदयविकार, हार्ट फेल्युअर किंवा पक्षाघात झालेल्यांना डायक्लोफेनॅक देऊच नका. अमेरिकेत तर या जातीच्या सगळ्याच चिठ्ठीवरच्या गोळ्यांवर २००५ पासून चौकटीतला इशारा आहे.

(याच औषधाने आपली गिधाडं संपवली. शाळेमागच्या ओढ्याकाठी मेलेलं ढोर टाकलं की गिधाडांची झुंबड उडायची, आठवतं? दुखणाईत गुरांना डायक्लोफेनॅक टोचलं जाई, ते मांस खाऊन गिधाडांचं मूत्रपिंड बंद पडे. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. गिधाडांचं कोडं सुटलं, कारण मेलेली गिधाडं झाडाखाली पडलेली दिसत होती.)

तर वहिनींना मी काय सांगितलं? सांगितलं, की त्यांच्याबद्दल मला सांगता येणार नाही, आणि कुणालाच येणार नाही. त्यांना पहिला अटॅक येऊन गेला होता, मधुमेह होता, गोळी नसती तरी दुसरा येऊ शकला असता. हजार माणसांत तीन जास्त, हे शास्त्र सांगतं. ते तिघं कोण, हे नाही सांगत. पण एवढं नक्की, की अटॅक येऊन गेलेल्या माणसाने ती गोळी दोन वर्षं रोज घ्यायला नको होती, आणि दोन डॉक्टर व एक मेडिकलवाला यांच्यापैकी कुणाकडेही त्यांच्या सगळ्या गोळ्यांची एकत्र यादी नव्हती. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे मेळाव्यात सांगा."

म्हणून सांगते आहे.

वेदनाशामकांची आणखी एक खोड आहे. त्या मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. बीपी चढतं, पाय सुजतात, अशक्त हृदयावर ओझं येतं. मग काय होतं पाहा. गुडघ्यासाठी गोळी, तिने बीपी वाढलं म्हणून बीपीची गोळी वाढवली, या नव्या गोळीने घोटे सुजले म्हणून लघवीची गोळी आली. माणूस म्हणतो, वय झालं, औषधं वाढणारच. बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि वेदनाशामक हे त्रिकूट एकत्र आलं तर मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं, विशेषतः जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असताना.

हृदयासाठी रोज छोटी अॅस्पिरिन घेणाऱ्यांनी हेही ऐका. अॅस्पिरिन प्लेटलेटच्या विकराला जाऊन कायमची चिकटते, म्हणून ती कामाची. आयब्युप्रोफेन आधी घेतली तर तीच त्या जागेवर तात्पुरती बसते, आणि अॅस्पिरिन जागा न मिळाल्याने निघून जाते. म्हणजे गोळी घेतली, पण न घेतल्यासारखी. कधीमधी आयब्युप्रोफेन घ्यावीच लागली, तर साधी अॅस्पिरिन घेऊन किमान अर्धा तास जाऊ द्या. रोज लागत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते दुसरी सोय बघतील.

मुलांच्या बाजूला बसलेल्यांसाठी एक वाक्य, बायकांनीही ऐकायला हरकत नाही: छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी आणि सिल्डेनाफिल जातीची गोळी या दोघींचं कधीही जमत नाही. बीपी असं कोसळतं की माणूस उठत नाही. दवाखान्यात लाजू नका, विचारलं तर खरं सांगा. हसा, पण लक्षात ठेवा.

आता मला ज्याची सर्वांत जास्त भीती वाटते तिकडे येते. हे सगळं ऐकून तुमच्यापैकी कुणी घरी जाऊन हृदयाच्या गोळ्या बंद करेल. ग्रुपवरच्या त्या निरोपांनी बहुतेक वेळा हेच होतं. संशय भलत्याच गोळीवर जातो. गुडघ्याची चालू राहते आणि हृदयाची बंद होते.

हृदयाच्या गोळ्याही घातक निघू शकतात, हे मी लपवत नाही. १९८० च्या दशकात अटॅकनंतर ज्यांच्या ठोक्यांत अनियमितपणा दिसे, त्यांना ठोके सुधारण्याच्या गोळ्या देत. ईसीजीचा कागद झकास सुधारायचा. डॉक्टर खूश, रुग्ण खूश. तेव्हा काहींनी आग्रह धरला की कागद सुधारतो ते ठीक, माणूस जास्त जगतो का ते मोजू या. चाचणीत पंधराशेच्या आसपास रुग्ण घेतले. अर्ध्यांना एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड, अर्ध्यांना खोटी गोळी. १९८९ मध्ये चाचणीचा तो भाग अर्ध्यावर थांबवावा लागला. औषध घेणारे ६३ गेले होते, खोटी गोळी घेणारे २६. मोजलं नसतं तर त्या गोळ्या अजून दिल्या गेल्या असत्या, आणि गेलेल्यांबद्दल सगळे म्हणाले असते, हृदयच कमजोर होतं.

पण ज्या तराजूने या गोळ्या पकडल्या, त्याच तराजूवर तुमच्या रोजच्या गोळ्याही तोलल्या गेल्या आहेत. १९८८ मध्ये सतरा हजारांवर रुग्णांत दिसलं की अटॅक येताच दिलेली अॅस्पिरिन पुढच्या पाच आठवड्यांतले मृत्यू जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी करते. १९९४ मध्ये कोलेस्टेरॉल वाढलेल्या ४४४४ हृदयरुग्णांत सिमव्हास्टॅटिनने मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले. या गोळ्यांनाही त्रास आहेत. अॅस्पिरिनने रक्तस्राव होतो, स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात. तसं असेल तर डॉक्टरांशी बोला, डोस बदलता येतो, गोळी बदलता येते. स्वतःच्या मनाने मात्र तोडू नका. स्टेंट बसवल्यावर गुठळी न होण्याची गोळी मध्येच सोडली तर स्टेंटच्या आतच गुठळी होते. मेटोप्रोलोल, एटेनोलोल यांसारख्या ठोके कमी करणाऱ्या गोळ्या एकदम थांबवल्या तर हृदय उसळी घेतं आणि त्यातच अटॅक येऊ शकतो. त्या कमी करायच्या झाल्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू.

कधी कधी मोजणीतही मतभेद होतात, तेही सांगून टाकते. मधुमेहावरच्या रोसिग्लिटाझोनने अटॅक वाढतात असं २००७ मध्ये एका एकत्रित अभ्यासात आलं, २०१० मध्ये युरोपने आणि आपण ते बंद केलं. अमेरिकेने निर्बंध घातले आणि फेरतपासणीनंतर २०१३ मध्ये ते बरेचसे उठवले. शास्त्रात असं होतं. त्यामुळे 'परदेशात बंद' एवढ्यावरून लगेच काही ठरवू नका.

मग गुडघ्यांचं काय करायचं, हा प्रश्न राहतोच. दुखणं खोटं नाही. जिना चढताना डोळ्यांत पाणी येतं ते मी माझ्याही गुडघ्यांवरून जाणते. आधी मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम, वजन, आणि लागलंच तर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत. पाण्यात विरघळणारी फसफसणारी गोळी बीपीवाल्यांनी टाळावी, तिच्यात सोडियम बरंच असतं. चोळायचं डायक्लोफेनॅकचं मलम रक्तात फार थोडं जातं, ते त्यामानाने बरं. एवढ्याने भागलं नाही आणि वेदनाशामक घ्यावीच लागली, तर कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस, आणि कोणती ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. 'मेडिकलवाल्याने दिली' हे उत्तर मला नको. या गोळ्या कायद्याने चिठ्ठीवरच विकायच्या आहेत, कागदावर तरी.

शिवाय पट्टीवरचं मोठं नाव वाचू नका, खालचं बारीक नाव वाचा. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या दिलेल्या असतात, आणि दोन्हीत औषध एकच. माझ्या सख्ख्या आत्याने असं तीन महिने घेतलं. वहीच्या एका पानावर घरातल्या प्रत्येकाच्या सगळ्या गोळ्या लिहा. गुडघ्याची, झोपेची, सर्दीची, वैद्यांची पुडीसुद्धा. दवाखान्यात जाताना ते पान बरोबर न्या, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पुढे ठेवा.

एखाद्या गोळीनंतर विपरीत काही झालं असं वाटलं, तर ते कळवायची सोय आहे. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा केंद्र सरकारचा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला. फोन फुकट आहे, १८००-१८०-३०२४. डॉक्टरच असायला हवं असं नाही, रुग्ण किंवा घरचे कुणीही कळवू शकतात. गोळीनेच झालं हे तुम्ही सिद्ध करायचं नाही. मोजणी करणाऱ्यांकडे नोंद पोहोचवायची, बस.

माझी पंचवीस मिनिटं संपली, घंटा कधीही होईल. जेवणानंतर मी वाचनालयाच्या ओट्यावर बसणार आहे. पट्ट्या बरोबर आणल्या असतील तर घेऊन या. सर, बाई, तुम्ही उठू नका, मीच तुमच्याकडे येते. आणि येताना सगळ्यांनी चष्मे आणा, ते बारीक नाव माझ्याच्यानेही आता वाचवत नाही.